टप्प्याचे घोडे आणि विजेची मोटार

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर विरार फाट्याला सकाळी पाच-दहा मिनिटे उभे राहिले, तर हिरव्या पाटीच्या मोटारी जाताना दिसतात. पाटी हिरवी म्हणजे गाडी विजेवरची. आवाज नाही, धूर नाही. फाट्यावर भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायांपासून तो कॉलेजातल्या प्राध्यापकांपर्यंत ही गाडी पाहून प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो, "आणि वाटेत वीज संपली तर?"

आता मी इतिहासाचा माणूस. मोटारीच्या प्रश्नात मी कशाला तोंड घालावे, असे आपल्याला वाटेल. पण खरे सांगू का, हा प्रश्न मोटारीचा नाहीच. हा प्रश्न वाटेचा आहे, आणि वाट ही मोटारीपेक्षा फार जुनी आहे. मनुष्य लांबच्या प्रवासाला निघाला की त्याच्या वाहनाला वाटेत कोठेतरी खायला घालावे लागते. ते कोठे घालायचे, किती वेळात घालायचे, आणि मुख्य म्हणजे त्या थांब्याचा खर्च कोणी सोसायचा, हा वाद घोड्यांच्या काळापासून चालत आलेला आहे.

चौदाव्या शतकात इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा प्रवासी हिंदुस्थानात आला होता. दिल्लीच्या सुलतानाची डाक कशी चालते, याचे वर्णन त्याने करून ठेवले आहे. घोड्यांच्या डाकेसाठी दर चार मैलांवर चौकी, आणि पायी धावणाऱ्यांच्या डाकेसाठी एका मैलात तीन चौक्या. गंमत अशी की धावणाऱ्यांची डाक घोड्यांच्या डाकेपेक्षा लवकर पोचत असे, असे तो म्हणतो! कारण उघड आहे. टप्पा लहान, म्हणून धावणारा प्रत्येक वेळी ताज्या दमाचा. वेग हा जनावराच्या पायात जितका असतो तितकाच टप्प्याच्या मांडणीत असतो. पण या चौक्यांवरची माणसे आणि घोडी पत्र येवो न येवो, रोज खात होती, आणि त्यांचे खाणे सरकारी खजिन्यातून जात होते. व्यापाऱ्याने स्वतःच्या पैशाने दर चार मैलांवर घोडा बांधून ठेवला असता, तर त्याचे दिवाळे निघायला वेळ लागला नसता.

याचाच दुसरा मासला आपल्या मुंबईत पाहायला मिळाला. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक रस्ता कुलाब्याहून पायधुणीकडे, दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीकडे. आरंभी कंपनीने सुमारे नऊशे घोडे पाळले होते. नऊशे! ट्रामचे डबे त्या मानाने मोजकेच. मग घोडे इतके कशाला? कारण घोडा दमतो. डबा दिवसभर चालायचा तर त्याला आळीपाळीने ताजे घोडे जोडावे लागतात, आणि एक ओढत असताना बाकीचे तबेल्यात उभे राहून चंदी खात असतात. घोडा उभा असला तरी खातो, हे त्या धंद्याचे मर्म. उतारू भरपूर मिळाले म्हणून कंपनी चालली. तीन आण्यांचे भाडे पुढे दोन आण्यांवरही आणता आले. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली, आणि तबेल्यांची गरज सरली.

उभा घोडा खातो, एवढे वाक्य कृपया ध्यानात ठेवा. पुढे हिशेबाला लागेल.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईला बॅकबेपर्यंत पहिली लोकल गाडी गेली. दिवसातून जाण्यायेण्याची एकच फेरी. इंजिन वाफेचे. वाफेचे इंजिन म्हणजे घोड्याचाच मोठा भाऊ. त्याला कोळसा हवा, वाटेत पाणी हवे, आणि निघायच्या आधी कितीतरी वेळ भट्टी पेटवून त्याला कढत ठेवायला हवे. त्या वेळीही ते खातच असे. मग ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही हार्बर मार्गावरची विजेची गाडी धावली. आपल्या बाजूला ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली वीज आली आणि १९३६ मध्ये ती खाडी ओलांडून विरारला पोचली. वसईची केळी, पानवेल, फुले, भाजी आणि दूध मुंबईला वेळेवर पोचू लागले, त्यात या रुळांचा वाटा केवढा मोठा आहे, हे जुन्या माणसांना सांगायला नको.

पण लोकल गाडी आणि विजेची मोटार यांत एक मोठा फरक आहे. लोकलगाडी वीज बरोबर घेत नाही. डोक्यावरच्या तारेतून ती धावता धावता खाते. मोटारीच्या डोक्यावर तार नाही. तिला आपली शिदोरी बांधून निघावे लागते. ही शिदोरी म्हणजे बॅटरी. आणि शिदोरी संपली की कोठेतरी बसून पुन्हा भरून घ्यावी लागते. म्हणून विजेची मोटार ही लोकलची बहीण दिसली, तरी तिचे नशीब घोड्याचे आहे.

शिदोरी किती मोठी? लहान मोटारीची बॅटरी सुमारे तीस युनिटांची धरा. युनिट म्हणजे आपल्या घरच्या मीटरवर दिसते तेच. एका युनिटात अशी गाडी ढोबळमानाने सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे भरल्या पोटी दोनशे किलोमीटर, त्यात चढ लागला किंवा थंड हवेचे यंत्र लावले की थोडे कमी. घरच्या साध्या जोडणीवर, सुमारे तीन किलोवॅटने, ती पूर्ण भरायला नऊ-दहा तास लागतात. रात्री लावली, सकाळी तयार. बैलाला दावणीला बांधून कडबा टाकावा, तसे. यात अडचण काहीच नाही, खर्चही थोडा.

अडचण आहे ती वाटेत. वाटेत दहा तास कोण बसणार? म्हणून जलद चार्जर. तो तीस, साठ, एकशेवीस किलोवॅटचा असतो. साठ किलोवॅट म्हणजे किती, हे खेड्यातल्या श्रोत्यांना चटकन समजेल असे सांगतो. पाच अश्वशक्तीचा शेतीपंप पावणेचार किलोवॅट घेतो. म्हणजे साठ किलोवॅटचा एक चार्जर सुरू झाला की सोळा पंप एकदम सुरू झाल्यासारखे. असे चार चार्जर एका ठिकाणी बसवले तर चौसष्ट पंप! गावातला ट्रान्सफॉर्मर, ज्याला आपण डीपी म्हणतो, तो बहुधा त्रेसष्ट नाहीतर शंभर केव्हीएचा असतो. त्यावर हे ओझे टाकले तर गावाच्या दिव्यांचे काय होईल ते सांगायला नको. तेव्हा अशा ठिकाणी स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर, स्वतंत्र तार, कित्येकदा उच्च दाबाची जोडणी घ्यावी लागते. चार्जरची पेटी दिसायला पेट्रोल पंपाच्या यंत्रासारखी दिसते. पण खर्चाचा मोठा भाग तिच्या मागे, डोळ्याआड असतो.

आणखी एक खोच. जलद भरायचे म्हटले तरी बॅटरी शेवटपर्यंत सारख्या वेगाने भरत नाही. एसटी डेपोत गाडी लागली की पहिली चाळीस माणसे धडाधड बसतात. शेवटच्या दहांना मात्र जागा शोधत, सरकवत, "जरा पलीकडे व्हा" म्हणत शिरावे लागते. बॅटरीचे असेच आहे. ऐंशी टक्क्यांपर्यंत ती भराभर घेते, पुढे हळू. म्हणून शहाणा चालक ऐंशीवर दोर सोडतो आणि वाट धरतो. लहान गाडीला या सगळ्याला पाऊण तास ते एक तास लागतो. पेट्रोलला लागतात तीन मिनिटे.

इथे आपण हिशेबाला येतो, आणि शिक्षकांना मी विनंती करीन की सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित फळ्यावर जरूर घालावे. आकडे मी समजुतीसाठी धरतो आहे. समजा, साठ किलोवॅटच्या एका चार्जरमागे यंत्राचा हप्ता, जागेचे भाडे, देखभाल, देखरेखीचा माणूस असा रोजचा दोन हजार रुपये खर्च आहे. गाडी येवो न येवो, हे दोन हजार जायचेच. आता दिवसाला दहा गाड्या आल्या आणि प्रत्येकीने वीस युनिटे घेतली, तर दोनशे युनिटे झाली. युनिटामागे दहा रुपये बसले. पण दोनच गाड्या आल्या तर चाळीस युनिटे, म्हणजे युनिटामागे पन्नास रुपये! आणि यात विजेची किंमत अजून धरलेलीच नाही. पन्नास रुपये कोणी देणार नाही, तेव्हा मालक तोटा सोसतो किंवा यंत्राकडे दुर्लक्ष करतो. उभा घोडा खातो, तो असा.

बरे, गाड्या वाढल्या की सगळे सुरळीत होईल, असे म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. पेट्रोल कोणी घरी भरीत नाही. गावातला प्रत्येक मोटारवाला कधी ना कधी पंपावर जातोच. विजेची मोटार ज्याच्याकडे आहे तो मात्र आपले बहुतेक भरणे घरीच करतो, कारण घरी स्वस्त पडते. महामार्गावरच्या चार्जरकडे तो येतो लांबच्या प्रवासाला निघाल्यावरच. आणि लांबचा प्रवास माणसे केव्हा करतात? दिवाळीला, मे महिन्यात, शनिवार-रविवारी. त्या दिवशी रांग, आणि मंगळवारी शुकशुकाट. रांगेसाठी चार्जर वाढवावेत, तर मंगळवारी उभे राहणारे घोडे वाढले!

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एका मे महिन्यात रविवारी एका सहकाऱ्याच्या गाडीतून आम्ही तिघे डहाणूच्या बाजूला जुनी कागदपत्रे पाहायला निघालो होतो. पहिल्या थांब्यावर चार्जरचा पडदाच काळा. दुसऱ्या ठिकाणी, एका हॉटेलच्या आवारात, दोन दोऱ्यांपैकी एकीवर गाडी लागलेली आणि दुसरीसमोर पेट्रोलची गाडी उभी करून मंडळी आत जेवत बसलेली. त्यांचे जेवण होईपर्यंत आम्ही थांबलो. मग आमची गाडी लागली. तोवर आमचेही जेवण झाले, दोनदा चहा झाला. हॉटेलातला पोरगा मोठ्या आपुलकीने म्हणाला, "साहेब, सोमवारी यायचं ना! सोमवारी इथं कोणी नसतं." अर्थशास्त्राच्या कितीएक व्याख्यानांत जे मला कळले नव्हते, ते त्या पोराने एका वाक्यात सांगून टाकले.

सरकारने या बाबतीत काय केले? एप्रिल २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली. बॅटरी भरून देणे म्हणजे वीज विकणे नव्हे, ती सेवा आहे. म्हणून त्यासाठी वीजविक्रीचा परवाना नको. त्यामुळे हॉटेलवाला, पंपवाला, कोणीही हा धंदा करू शकतो. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शहरात तीन किलोमीटर लांब-रुंद चौकोनात एक, महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला दोन्ही अंगांना एकेक, आणि लांब पल्ल्याच्या व जड गाड्यांसाठी दर शंभर किलोमीटरला जलद चार्जिंगचे केंद्र असावे, असे म्हटले होते. आमच्या महामार्गावर हे माप लावले, तर विरार फाटा, मनोर, चारोटी, तलासरी असे टप्पे सहज डोळ्यांपुढे येतात. त्याच तत्त्वांत वीजदर एकेरी असावा, म्हणजे फक्त वापरल्या युनिटांचा असावा, असाही आग्रह होता. एरवी मोठी जोडणी घेतली की वापर असो नसो, दरमहा स्थिर आकार भरावा लागतो. तो आकार म्हणजे विजेच्या तबेल्यातली चंदी. ती चार्जरवाल्याच्या माथ्यावर पडू नये, हा हेतू. पण चंदी कोणीतरी घालतच असतो. चार्जरवाल्याने घातली नाही, तर वीज कंपनीने घातली. आणि वीज कंपनी म्हणजे अखेर तुम्ही आम्ही बिल भरणारे. हे वाईट आहे असे मी म्हणत नाही. सुलतानाच्या डाकचौक्याही अशाच चालत होत्या. फक्त त्या कोणासाठी चालतात, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आता विरारकरांना ठाऊक असलेली, पण नव्या पिढीच्या विस्मरणात चाललेली एक गोष्ट सांगतो. १९३६ मध्ये विरारला जी वीज आली ती पंधराशे व्होल्टची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. पुढे १९७० च्या दशकात विरारच्या उत्तरेला वीज आली ती पंचवीस हजार व्होल्टची एसी. दोन्ही विजाच, पण एकीची गाडी दुसरीवर चालेना. विरार आणि वैतरणा यांच्यामध्ये दोन विजांची सरहद्द तयार झाली. लांबच्या गाड्यांसाठी चित्तरंजनच्या कारखान्यात दोन्ही विजांवर चालणारी खास इंजिने बांधावी लागली. जुनी डीसी लोकल मात्र विरारला येऊन थांबे. पालघर, बोईसर, डहाणूच्या लोकांच्या डोक्यावरून विजेची तार गेलेली, तारापूरची अणुवीज १९६९ पासून याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तयार होत असलेली, आणि नोकरीला जायचे तर शटल धरून विरारला गाडी बदलायची! चर्चगेट-विरार मार्गावर डीसीचे एसी करण्याचे काम ५ फेब्रुवारी २०१२ रोजी पुरे झाले, आणि १६ एप्रिल २०१३ रोजी लोकल डहाणूला गेली. विरारला वीज आल्यापासून सत्त्याहत्तर वर्षांनी.

मोटारीच्या चार्जरांतही आरंभी हाच घोटाळा होता. जपानी पद्धतीचे टोक निराळे, युरोपीय निराळे, आणि आपल्याकडे २०१७ च्या सुमारास ठरवलेले भारतीय पद्धतीचे तिसरेच. चार्जर आहे, वीज आहे, पण टोक गाडीत शिरत नाही. आता आपल्याकडच्या मोटारी बहुतेक सीसीएस-दोन या एका टोकावर आल्या आहेत, ही चांगली गोष्ट झाली. पैसे भरायची मोबाइलवरची व्यवस्था मात्र अजूनही दर कंपनीची वेगळी असते. प्रवाशाने पाच-सहा खाती उघडून ठेवावीत, हे मला तरी दोन विजांच्या सरहद्दीइतकेच विचित्र वाटते.

घोडा चारण्यापेक्षा घोडा बदलावा, ही युक्तीही विजेच्या गाडीने करून पाहिली आहे. अमेरिकेत हार्टफर्ड गावच्या वीज कंपनीने १९१० ते १९२४ या काळात विजेच्या ट्रकांना रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवून देण्याची सोय चालवली होती. ट्रक मालकाचा, बॅटरी कंपनीची. रिक्षा आणि दुचाकी यांच्यासाठी ही रीत आजही सोयीची ठरते, कारण त्यांची बॅटरी हाताने उचलता येते. मोटारीची बॅटरी दोन-तीनशे किलोंची. तिला यंत्र लागते, आणि सगळ्या कंपन्यांच्या बॅटऱ्या एका मापाच्या असाव्या लागतात. त्या तशा नाहीत.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत समंजस गोष्ट एसटीने केली. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली होती. १ जून २०२२ रोजी त्याच वाटेवर 'शिवाई' ही विजेची एसटी सुरू झाली. एसटीला गाडी केव्हा निघणार, केव्हा परतणार, किती किलोमीटर पळणार, हे वेळापत्रकातच लिहिलेले असते. म्हणजे डेपोतला चार्जर किती तास चालणार हे बसवण्याआधीच ठाऊक. तिथे घोडा उभा राहत नाही.

आणि म्हणूनच मला आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या भागाची काळजी वाटते. महामार्गावरचे चार्जर होतील. तिथून मुंबई-गुजरातची श्रीमंत रहदारी जाते. पण वसईहून जव्हार शंभर किलोमीटरच्या आसपास, पुढे मोखाडा आणि चढाची वाट. जाऊन येऊन दोनशे. लहान गाडीची शिदोरी नेमकी तिथेच अपुरी पडते. जव्हारला साठ किलोवॅटचा चार्जर बसवला तर त्याला दिवसाला दोन गाड्याही मिळतील की नाही याची शंका आहे, आणि आपण मघाशी केलेले गणित तिथे पन्नास रुपयांच्या ओळीत बसते. तेव्हा खाजगी मालक तिथे जाणार नाही, यात त्याचा दोषही नाही.

मग काय करावे? जलद चार्जरचा हट्ट तिथे सोडावा. जव्हारला कामासाठी गेलेला माणूस तासाभरात परतत नाही. शिक्षक शाळेत सहा तास असतो, डॉक्टर दवाखान्यात असतो, तहसीलदार कचेरीत असतो. त्याची गाडी तेवढा वेळ उन्हात उभीच असते. सात किलोवॅटचा साधा चार्जर, म्हणजे दोन पंपांएवढी वीज, चार तासांत त्याची शिदोरी भरून देतो. त्याला नवा डीपी क्वचितच लागतो, आणि यंत्र जलद चार्जरच्या मानाने कितीतरी स्वस्त. दिवसा ऊन असताना सौर वीज भरपूर असते, त्या वेळी दर कमी ठेवावा असे केंद्राच्या तत्त्वांतही आहे. तालुक्याच्या कचेरीत, एसटी डेपोत, माध्यमिक शाळेच्या आवारात असे दोन-दोन चार्जर बसले, तर जव्हार-मोखाड्याची वाट विजेच्या गाडीला मोकळी होईल.

नालासोपाऱ्यातल्या माणसाची अडचण उलट आहे. त्याला वाट नाही, दावण नाही. चार मजली इमारत, खाली गाडी लावायला जागा नाही, रात्री गाडी रस्त्याच्या कडेला. घरी स्वस्तात भरा, हे त्याला सांगून उपयोग काय? चौथ्या मजल्यावरून वायर सोडायची? अशी वायर सोडलेली मी पाहिली आहे, रिक्षाच्या बॅटरीसाठी, भर पावसाळ्यात. तिथे गल्लीच्या तोंडाशी रात्रभर चालणारे साधे चार्जर हवेत, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाशेजारी, मीटर लावून. महापालिकेने पावसाळ्यापूर्वी निदान एका प्रभागात करून पाहावे.